तान्ह्या बाळाची झोप: समजुती आणि वस्तुस्थिती

पनवेलच्या जुन्या आळ्यांतून जा, खारघर-कामोठ्याच्या उंच इमारतींतून जा, की कर्नाळ्याच्या आसपासच्या आदिवासी वाड्यांतून. तान्ह्या बाळाच्या निजण्याविषयीच्या समजुती थोड्याफार फरकाने त्याच ऐकू येतात, आणि त्या वात्सल्यापोटी जन्मलेल्या असल्यामुळेच त्यांची छाननी करण्याचे धैर्य घरात सहसा कोणास होत नाही.

त्यांपैकी सर्वांत दृढ समजूत अशी की, उताणे निजविलेल्या बाळाने दूध ओकले तर ते श्वासनलिकेत जाऊन बाळ गुदमरते, म्हणून त्यास पालथे अथवा कुशीवर निजवावे. शरीररचना मात्र याच्या नेमकी उलट साक्ष देते. बाळ उताणे असता श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. त्यामुळे वर आलेले दूध पुन्हा अन्ननलिकेतच उतरू पाहते. पालथे केले की ही मांडणी फिरते, तोंड अंथरुणात रुतते आणि स्वतःच सोडलेला उच्छ्वास बाळ पुन्हा पुन्हा आत घेऊ लागते. कुशीवरचे बाळ तर केव्हा पालथे होईल याचा भरवसाच नसतो. यात आपल्या आज्यांना दोष देण्याचे कारण नाही. अमेरिकेत घरोघर प्रमाण मानल्या गेलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या ग्रंथानेही १९५८ च्या आवृत्तीत पालथे निजविण्याचीच शिफारस केली होती. पुढे पुरावा साचत गेला. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस व अमेरिकेत १९९४ मध्ये बाळास उताणे निजविण्याची मोहीम जारी झाली, आणि निरोगी बाळांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू काही वर्षांतच सुमारे निम्म्यावर आले. अतिदक्षता कक्षात कमी दिवसांच्या बाळास कधी पालथे ठेवलेले आई पाहते व घरी तेच करू लागते. परंतु तेथे यंत्रे आणि परिचारिका अहोरात्र पहारा देत असतात.

दुसरी गोष्ट मोहरीच्या उशीची. डोके गोल व्हावे म्हणून बारशाच्या आधीच ती शिवून तयार असते. हाताने दाबून पाहावी: मोहरी सरकते, मध्ये खळगा पडतो आणि कडा वर येते. बाळाने मान वळवली की तीच कडा नाकाशी भिडते, आणि शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जाण्याचे भय निराळेच. एका जागी चपटे झालेले डोके बाळ बसू लागल्यावर बहुधा आपोआप सुधारते. त्यास साहाय्य करावयाचे तर बाळ जागे असताना, डोळ्यांदेखत, त्यास थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. निदान वर्षभर उशी नको; लोड, जाड गोधडी व मऊ खेळणीही नकोत. सपाट, घट्ट गादी पुरे.

उबेविषयी मात्र विवेक हवा. नवजात, विशेषतः कमी वजनाचे बाळ खरोखरच गारठते, आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची निगा राखण्याची जी पद्धत उभी केली, तीत ऊब हा महत्त्वाचा भाग होता. परंतु भरल्या अंगाच्या दोन महिन्यांच्या बाळाला पनवेलच्या दमट ऑक्टोबरात कुंची, मोजे आणि दोन दुपट्यांत बांधून ठेवणे अपायकारक आहे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेमागे व छातीवर हात ठेवून पाहावा. तेथे घाम असेल तर एक कपडा उतरवावा, आणि झोपेत कुंची काढूनच ठेवावी.

लुगड्याच्या झोळीत बाळ चटकन शांत होते, आणि घरात दुसरे कोणी नसलेल्या आईला तिचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. पण झोळीत अंगाची कमान होऊन हनुवटी छातीला टेकते व श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून झोप लागताच बाळाला सपाट जागी उताणे ठेवावे, आणि गळ्यातला काळा दोरा अगोदर काढावा.

बाळाने आईच्या खोलीतच निजावे, आपल्या अंथरुणावर, तिच्या हाताच्या अंतरावर. आपली ही जुनी रीत उत्तम आहे व स्तनपानाने तिला बळच येते. सोफ्यावर बाळासह डोळा लागणे मात्र अत्यंत धोक्याचे. बंद खोलीतील शेगडीची धुरी आणि विडी-सिगारेटचा धूर यांस तर अजिबात थारा देऊ नये.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की वजनाबरोबर बाळाची निजण्याची जागाही त्यांना दाखवावी, आणि आजीलाही त्या वेळी आवर्जून जवळ बसवावे.