शोधयंत्रणेची जोडणी

ग्रंथालयातील संगणकावर वाचक ग्रंथाचे नाव टंकित करतो आणि क्षणार्धात त्याला उत्तर मिळते. हे उत्तर मूळ नोंदींच्या साठ्यातूनच येते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती पुष्कळदा वेगळी असते. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि २००० साली कार्यान्वित झालेली ‘कोहा’ ही प्रणाली याचे चांगले उदाहरण होय.

कोहामध्ये ग्रंथांच्या मूळ नोंदी एका ठिकाणी राहतात. शोधाचे काम मात्र ‘झेब्रा’ अथवा ‘इलॅस्टिकसर्च’ या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविता येते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असावी, त्याप्रमाणे ही यंत्रणा कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे याची सूची बाळगते. म्हणूनच लक्षावधी नोंदी एकामागून एक चाळाव्या लागत नाहीत.

इलॅस्टिकसर्चची निवड केल्यास मुख्य प्रणालीला तिचा ठावठिकाणा सांगावा लागतो. त्यासाठी प्रणालीच्या मांडणीच्या फाईलमध्ये दोन गोष्टी लिहितात : सर्व्हरचा पत्ता व सूचीचे नाव. पत्त्यात यंत्राचे नाव आणि पोर्ट क्रमांक येतो. हा क्रमांक सामान्यतः ९२०० असतो. दोन ग्रंथालये एकाच यंत्रणेचा उपयोग करीत असतील, तर सूचींची नावे भिन्न ठेवणे अगत्याचे असते; अन्यथा एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींत मिसळतील.

एवढ्याने काम संपत नाही. पत्ता अचूक असला तरी सूची आरंभी रिकामीच असते. मूळ नोंदींवरून ती एकदा संपूर्ण तयार करावी लागते आणि पुढे प्रत्येक बदल तिच्यात उतरावा लागतो. सुरक्षिततेकडेही लक्ष पुरवावयास हवे. यंत्रणा पासवर्डाविना खुल्या जाळ्यावर ठेवल्यास कोणीही परका सूची वाचू वा पुसू शकेल. २०२२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्चमध्ये हे संरक्षण आरंभापासूनच चालू असते.

जोडणी तुटणे आणि ग्रंथ नसणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पडद्यावर दोहोंसाठी ‘ग्रंथ उपलब्ध नाही’ असेच उत्तर उमटले, तर ग्रंथ फडताळात असूनही वाचक रिकाम्या हाताने परत जाईल. म्हणून जोडणी पूर्ण होताच, संग्रहात निश्चितपणे असलेल्या एखाद्या ग्रंथाचा शोध घेऊन पाहावा. तो सापडला, तरच जोडणी सिद्ध झाली असे मानावे.