परीक्षा आणि तोंडातली जखम

परीक्षा जवळ आली की कित्येकांच्या जिभेवर फोड येतात, साधी आमटीही झोंबते. हा निव्वळ योगायोग का?

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांनी प्रयोगासाठी चक्क आपली टाळू पुढे केली! साडेतीन मिलिमीटरची एक जखम उन्हाळ्याच्या सुटीत, तशीच दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी करण्यात आली. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. अपवाद एकही नव्हता. मानसिक ताणात अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल अधिक स्रवतात. त्यामुळे दुरुस्तीला प्रारंभ करून देणारा दाह मंदावतो. जिभेवरचे फोडही म्हणूनच रेंगाळत असावेत.

मात्र जीभ लाल, गुळगुळीत झाली असेल तर सारा दोष परीक्षेवर ढकलू नका. लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी तसे होते, डॉक्टरांना दाखवा.