गुलाबाचे फळ आणि त्यातील बीज

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबावच्या परिसरात पावसाळ्यात भाताची खाचरे दिसतात. भाताचा आणि गुलाबाच्या संकराचा काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. हा संबंध जपानी शेतकऱ्यांना ठाऊक असलेल्या एका भातरोगातून आलेला आहे. त्या रोगाने रोपे अवाजवी उंच वाढत आणि कोलमडत. रोगाचे जपानी नावच ‘खुळे रोप’ या अर्थाचे आहे. ही वाढ बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे होते, हे कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखविले. तेच द्रव्य पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले. नाशिकचे द्राक्षबागाईतदार ज्या ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवितात, ते याच कुळातील.

गुलाबाचे नवे वाण निर्माण करणारेही या संप्रेरकाचा आधार घेतात. संकरासाठी कळी उमलण्यापूर्वीच पाकळ्या व पुंकेसर काढतात, दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावतात आणि फूल पिशवीने झाकतात. तरीही पुष्कळदा कोवळे फळ गळून पडते. बागेतील बहुतेक आधुनिक गुलाबांत २८, तर अनेक रानगुलाबांत १४ गुणसूत्रे असतात. अशा विजोड संकरात अपयश अधिक येते. अंडाशयास जिबरेलिन अथवा ऑक्सिन लावल्यास फळ टिकण्याचा संभव वाढू शकतो.

परंतु फसगतीचा धोका येथेच आहे. संप्रेरक फळास धरून ठेवते. फलन झाल्याची हमी देत नाही. बिनबियांचे द्राक्ष ज्या द्रव्याने फुगते, त्याच द्रव्याने गुलाबाचे पोकळ फळही वाढू शकते. ग्राहकास बी नको असते. वाण निर्माण करणाऱ्यास मात्र बीच हवे असते. म्हणून फळे किती टिकली यापेक्षा बिया किती रुजल्या, हीच खरी कसोटी होय. तुलनेसाठी काही फुले संप्रेरकाविना राखली नाहीत, तर कोणताही निष्कर्ष व्यर्थ ठरेल.

गव्हाच्या तांबेराप्रतिबंधक वाणांसाठी ख्यातकीर्त झालेले डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाचेही अनेक वाण निर्माण केले. मावळातील हरितगृहांत मात्र आज प्रामुख्याने परदेशी वाणच फुलतात. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने नव्या वाणाच्या निर्मात्यास हक्क दिलेले आहेत. आपल्या उन्हापावसास मानवणारा गुलाब हवा असेल, तर महाविद्यालयांच्या बागांतूनही हे कार्य सुरू होऊ शकते. त्यासाठी चिमटा, कुंचला आणि नोंदवही एवढे साहित्य आरंभास पुरेसे आहे. संप्रेरकाचे साहाय्य अवश्य घ्यावे. मात्र काटेकोर नोंद आणि वर्षानुवर्षांची निवड यांतून कोणाचीही सुटका नाही.