जोडी जमली, तर पकड जमते

कबड्डीचा सामना बघायला बसलं की आपलं सगळं लक्ष चढाई करणारीकडे. तिने किती जणींना बाद केलं, यावर टाळ्या. पण साखळी सामने संपून बाद फेरी लागली, की खरी कसोटी बचावाची. इथे हरलं की थेट घरी! म्हणूनच आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकांना एकच घोर असतो. बारा जणींतून सात कोणत्या उतरवायच्या, आणि कुणाशेजारी कुणाला उभं करायचं?

मैत्रिणींनो, हे गणित समजून घेण्यासारखं आहे. कोपऱ्यातली मुलगी चढाईवाल्या मुलीचा घोटा धरते. त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षक मुलीने तिची परतीची वाट अडवायची. ती जरा उशिरा धावली आणि चढाईवाली निसटून मध्यरेषेला पोचली, तर घोटा धरणारीही बाद आणि झोंबणारीही बाद. एका पकडीत दोघी गेल्या! म्हणून नुसती ताकद पुरत नाही. शेजारणीच्या खांद्याच्या हालचालीवरून तिच्या मनातलं ओळखता यावं लागतं.

प्रो कबड्डीत २०१५ साली यू मुंबा विजेता ठरला, तेव्हा सुरेंदर नाडा डाव्या आणि मोहित छिल्लर उजव्या कोपऱ्यात असायचा. त्यांच्या जोडीचं नाव चढाईवाल्यांइतकंच घेतलं जायचं. आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला अंतिम सामन्यात २६-२५ असं हरवलं. अवघा एक गुण! अशा सामन्यात एक पकड म्हणजे सुवर्णपदक.

आमच्या महाड-पोलादपूरकडे कबड्डी काही नवी नाही. गावच्या उत्सवात मैदान आखलं की सगळा गाव लोटतो. अलीकडे मुलींचे संघही जोमाने खेळतात. पोलादपूरकडच्या अशाच एका संघात उपांत्य सामन्याआधी मोठी चर्चा झाली. गावकऱ्यांचं म्हणणं, अंगापिंडाने दणकट असलेल्या मुलीला घ्या. प्रशिक्षकांनी मात्र बारकीला घेतलं, कारण कोपऱ्यातल्या मुलीबरोबर तीच वर्षभर सरावाला होती. मैदानात तिघीच उरल्या असताना याच दोघींनी पकड केली. तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड झाली की एक गुण जास्त मिळतो. दोन गुण आले आणि सामना फिरला.

पण मला वाईट वाटतं ते पुढचं. पुढच्या हंगामात ती जोडी दिसली नाही. कोपऱ्यातल्या मुलीचा सराव घरच्यांनी बंद केला होता. संध्याकाळची एसटी, अंधारात घाटाकडच्या गावापर्यंतची वाट, आणि ‘मुलीच्या जातीला हे कशाला’ हा नेहमीचा प्रश्न. प्रशिक्षक जोडी जमवायला वर्ष घालवतात, आणि ती मोडते मैदानाबाहेर.

काळजी खोटी नाही, पण उपाय आपल्या हातात आहे. आमच्या बचतगटातल्या बायकांनी आळीपाळी ठरवली आहे. सरावाच्या दिवशी दोघीजणी एसटी स्टँडवर थांबतात आणि मुलींना घरापर्यंत सोडतात. एवढ्यावर चार मुलींचा सराव पुन्हा सुरू झाला.

तुमच्या गावातही मुलींचा संघ असेल. बाद फेरीत सात जणी कोण, हे प्रशिक्षक ठरवतील. त्या बारा जणी सरावाला पोचतील, एवढं आपण बघू या.