वसतिगृहाची माउली

कुरुळीहून कॉलेजला निघताना आई रोज भाकरी बांधून देते. मी ती मुकाट्याने घेतो. लक्ष्मीबाई पाटलांचे चरित्र वाचले आणि ते मुकाटपण मनाला टोचू लागले.

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. सोवळे पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी ती सारी मुले पोटची मानली. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांचे दागिने गेले. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या.

कर्मवीरांचे ऋण आपण मानतोच. पण पोरांच्या पानात पडलेली भाकरी कोणाच्या सौभाग्यलेण्यातून आली, हेही विसरता कामा नये.