मेंदूला सूज आणणारी हाक

बेंगळुरूला होसूर रोडवर ‘निम्हान्स’ ही मेंदू आणि मनाच्या आजारांवर उपचार करणारी संस्था आहे. तिथलं मेंदूंचं संग्रहालय मुद्दाम वाट वाकडी करून बघावं असं! शाळकरी मुलं तिथे हातमोजे घालून खराखुरा मानवी मेंदू हातात घेतात. आधी घाबरतात आणि मग खाली ठेवायला तयार होत नाहीत. शेजारी मांडलेले असतात आजारांनी ग्रासलेले मेंदू. त्यांतल्या कित्येक आजारांत एक गोष्ट हटकून आढळते... सूज. डॉक्टरांच्या भाषेत दाह.

सूज येते कशी? पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, ठणकते, फुगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात. पण काटा नेमका डाव्या टाचेत आहे हे त्यांना सांगतं कोण? दुखावलेल्या पेशी केमोकाइन नावाची चिमुकली प्रथिनं सोडतात. ही झाली मदतीची हाक. ती ऐकणारे ‘कान’ पांढऱ्या पेशींच्या अंगावर असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. माणसाच्या शरीरात पन्नासच्या आसपास हाका आहेत आणि वीसच्या आसपास कान. म्हणजे एकच कान अनेक हाका ऐकतो.

टाच फुगली तर चप्पल काढून ठेवता येते. कवटी कुठे काढून ठेवणार? म्हणूनच मेंदू एरवी रक्तातल्या पेशींना सहसा आत घेत नाही. आतली राखण मायक्रोग्लिया नावाच्या घरच्याच पेशी करतात. त्यांनाही कान असतात. मेंदूतल्या चेतापेशी त्यांना जणू सतत कळवत असतात, ‘सगळं ठीक आहे, शांत राहा.’ इतकंच काय, बाळाचा मेंदू घडत असताना नव्या पेशींना आपापल्या जागी नेऊन पोचवायलाही हीच यंत्रणा उपयोगी पडते. म्हणजे हे कान नुसते भांडणासाठी नाहीत.

एचआयव्हीने नेमका याच कानांचा फायदा घेतला. सीसीआर-५ नावाचा रिसेप्टर हा या विषाणूला पेशीत शिरण्याचा दरवाजा ठरतो, हे १९९६ मध्ये उघड झालं. विषाणू पांढऱ्या पेशींत बसून मेंदूत जातो. तिथे चेतापेशींना तो सहसा थेट हात लावत नाही. त्याचं ‘टॅट’ नावाचं प्रथिन केमोकाइनची नक्कल करून आणखी पांढऱ्या पेशींना आत बोलावतं. गर्दी वाढते, दाह वाढतो आणि त्यात चेतापेशी भरडल्या जातात. प्रभावी औषधं येण्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत एड्सच्या शेवटच्या टप्प्यातल्या साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश होई.

‘निम्हान्स’मधल्या डॉक्टरांना मात्र नव्वदच्या दशकात वेगळंच चित्र दिसत होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या एचआयव्हीबाधितांत असा स्मृतिभ्रंश एक-दोन टक्क्यांच्याच घरात होता. असं का? एक उत्तर सरळ आणि दुःखद होतं. आपल्याकडचे रुग्ण त्याआधीच क्षयाने किंवा मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाने दगावत.

दुसरं उत्तर बेंगळुरूतच, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रात मिळालं. भारतात एचआयव्हीचा ‘सी’ हा उपप्रकार पसरला आहे, तर अमेरिका-युरोपात मुख्यतः ‘बी’. डॉ. उदयकुमार रंगा आणि ‘निम्हान्स’मधल्या सहकाऱ्यांनी ‘सी’चं टॅट तपासलं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ धरा. टॅटमधला ३०वा आणि ३१वा मणी ही सिस्टीनची जोडी. केमोकाइनमध्येही अशीच जोडी असते, नक्कल जमते ती तिच्यामुळे. भारतीय विषाणूत ३१व्या जागी बहुतेक वेळा सेरीन हा दुसराच मणी निघाला! विषाणूची संख्या वाढवण्याचं काम असं टॅट पूर्वीसारखंच करत होतं, पण पांढऱ्या पेशींना हाक मारण्यात ते तोकडं पडत होतं. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दोन्ही उपप्रकारांची तुलना केली. ‘बी’ची लागण झालेल्या उंदरांच्या स्मरणात जास्त चुका आढळल्या.

चला, आपण सुटलो, असं कोणाला वाटेल. पण नाही. ‘निम्हान्स’नेच २००७ मध्ये दक्षिण भारतातल्या एचआयव्हीबाधितांच्या बारकाईने मानसिक चाचण्या घेतल्या. उघड स्मृतिभ्रंश कोणालाच नव्हता, पण निम्म्याहून अधिक जणांत लक्ष, स्मरण किंवा विचारांचा वेग थोडाफार मंदावला होता. घरच्यांना हे सहज कळत नाही. ‘हल्ली विसरतो जरा,’ म्हणून सोडून दिलं जातं. मात्र जी गोळी आयुष्यभर, रोज, न चुकता घ्यायची, तीच अशा माणसाकडून विसरली जाते. म्हणून हा विसराळूपणा तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घातलाच पाहिजे. रुग्णाला स्वतःला तो सांगायचं सुचेलच असं नाही, सोबत गेलेल्याने सांगावं.

सीसीआर-५चा दरवाजा बंद करणारं मॅराव्हिरॉक हे औषध अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं. ते एचआयव्हीसाठी, पण गोष्ट तिथे थांबली नाही. पक्षाघातानंतर मेंदूतल्या चेतापेशींवर हाच रिसेप्टर वाढतो आणि सुधारणेच्या आड येतो, असं २०१९ मध्ये उंदरांत दिसलं. मॅराव्हिरॉक दिल्यावर उंदरांची हालचाल अधिक सुधारली. ज्या माणसांत सीसीआर-५ जन्मतःच सदोष असतो, तीही पक्षाघातातून इतरांपेक्षा चांगली सावरताना आढळली. हा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत दिसतो, भारतीयांत फार क्वचित. त्यानंतर पक्षाघाताच्या रुग्णांना हे औषध देऊन पाहण्याच्या चाचण्या परदेशात हाती घेण्यात आल्या. एड्सच्या रुग्णांसाठी बनलेली ही गोळी लुळ्या पडलेल्या हाताला कितपत बळ देते, ते या चाचण्यांतून ठरायचं आहे.