नागपुरातील चित्रपटगृहे आणि व्हिडिओ लायब्ररी

नागपूर शहरातील चित्रपटगृहे आणि १९८० ते २०१० या काळात शहरात चाललेल्या व्हिडिओ लायब्रऱ्या हे चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारे दोन परस्परस्पर्धी व्यवसाय होत. चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून तो घरी पाहायला मिळेपर्यंत जाणारा काळ हा या दोन्ही व्यवसायांचा पाया होता. हा काळ जसजसा आक्रसत गेला, तसतसे दोघांचे स्वरूप बदलले. त्यांपैकी व्हिडिओ लायब्ररी जवळजवळ नामशेष झाली, तर चित्रपटगृहे संख्येने आणि प्रकाराने बदलून टिकून आहेत.

पार्श्वभूमी

नागपूर ही मध्य प्रांताची आणि त्यानंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. मध्य प्रांत इतिहासजमा झाला, तरी चित्रपट व्यवसायाच्या नकाशावर तो अजूनही आहे. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडलेले आहेत, त्यांत नागपूर मुंबई विभागात न येता ‘सीपी-बेरार’ या विभागात येते. विदर्भासह महाकोशल आणि छत्तीसगडचा मोठा भाग या विभागात मोडतो. राज्य पुनर्रचनेनंतर इतकी दशके उलटूनही वितरकांच्या कागदपत्रांत वऱ्हाडचे हे इंग्रजी वळणाचे नाव कायम राहिले आहे. या विभागातील वितरकांची कार्यालये नागपूरइतकीच, किंबहुना अधिक, अमरावती आणि भुसावळ येथे एकवटली होती. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने चित्रपटाच्या प्रतींच्या पत्र्याच्या पेट्या तेथून चहूकडे पाठवणे सोयीचे होते.

प्रत तयार करणे खर्चिक असल्याने प्रती मोजक्याच निघत. मोठ्या शहरात चित्रपट आधी लागे. तेथील आठवडे संपल्यावर तीच प्रत तालुक्याच्या गावी जाई. तोवर तिच्यावर ओरखडे पडलेले असत आणि काही भाग कापून जोडलेला असे. नागपूर हे विभागातील प्रमुख केंद्र असल्याने येथील प्रेक्षकाला फारशी वाट पाहावी लागत नसे. मात्र भंडारा, गडचिरोली किंवा चंद्रपूर भागातील लहान गावांना काही आठवडे, कधी महिनेही थांबावे लागे.

शहराच्या पत्त्यांवर चित्रपटगृहांनी आपली खूण ठेवली आहे. सीताबर्डीचा व्हरायटी चौक, वर्धा मार्गावरील पंचशील चौक आणि धरमपेठेकडील अलंकार टॉकीजचा परिसर ही ठिकाणे आजही त्याच नावांनी सांगितली जातात. सदरमधील लिबर्टी आणि स्मृती, मुंजे चौकाजवळील जानकी, धरमपेठ भागातील सुदामा ही नावेही अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात थंड हवेचे प्रेक्षागृह हेही तिकीट काढण्याचे एक सबळ कारण होते. व्यवसायाच्या इतिहासात या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष केले जाते.

व्हिडिओ लायब्ररीचा काळ

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे प्रसारण सुरू झाले आणि त्याच काळात व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर (व्हीसीआर) मोठ्या प्रमाणात देशात येऊ लागले. मुंबईत १९६२ साली पुस्तकांची वाचनालयसेवा म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यास प्रारंभ केला होता. पुस्तकाच्या लायब्ररीची अनामत, मासिक वर्गणी आणि उशिरा परत केल्यास दंड ही पद्धत या नव्या धंद्याने जशीच्या तशी उचलली. ‘लायब्ररी’ हे नावही त्यामुळेच त्याला चिकटले.

सर्वसाधारण मध्यमवर्गीय कुटुंबाला व्हीसीआर विकत घेणे परवडत नसे. म्हणून दुकानदार यंत्र, दूरचित्रवाणी संच आणि तीन-चार कॅसेट एका रात्रीसाठी एकत्र भाड्याने देत. गणेशोत्सवात, बारशाला किंवा परीक्षा संपल्यावर शेजारीपाजारी मिळून वर्गणी काढत आणि पहाटेपर्यंत चित्रपट पाहत. परत करताना कॅसेट पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून देणे अपेक्षित असे. नागपूर–पुणे यांसारख्या लांब पल्ल्याच्या मार्गांवरील खासगी प्रवासी गाड्यांनीही याच सुमारास ‘व्हिडिओ कोच’ असे फलक लावले.

या दुकानांतील मालाचा बराचसा भाग अनधिकृत असे. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांचा स्पष्ट समावेश करण्यात आला आणि कॅसेटवर हक्कधारकाचे नाव व सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील दाखवणे बंधनकारक झाले. तरीही नवा चित्रपट काही दिवसांतच कॅसेटवर मिळत असे. मात्र ही चोरी केवळ स्वस्ताईमुळे फोफावली असे म्हणणे अपुरे ठरेल. ज्या गावी प्रत पोहोचायला दोन महिने लागत, तेथील प्रेक्षकाला अधिकृत पर्यायच उपलब्ध नव्हता.

सूरज बडजात्या यांच्या ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटाचे व्हिडिओ हक्क निर्मात्यांनी मुद्दाम रोखून धरले आणि चित्रपटगृहापासून दुरावलेली कुटुंबे परत आली. घरी पाहायला मिळण्याचा काळ लांबवला की चित्रपटगृह भरते, हे या उदाहरणाने व्यवसायाला दिसले.

तोवर केबलने दुसरे आव्हान उभे केले होते. अनेक लायब्ररीचालक स्वतःच केबलचालक झाले. एकाच व्हीसीआरवर लावलेला चित्रपट तारेने शेकडो घरांत पोहोचू लागल्यावर कॅसेट घरोघर देण्याची गरज उरली नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. तीन तासांचा चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत मावत असल्याने घरातही आपोआप मध्यंतर होई. तबकडीमुळे लायब्ररीला काही वर्षे नवे आयुष्य मिळाले. मात्र २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केली. दोन-तीन दिवसांच्या भाड्याच्या आसपास चित्रपट कायमचा मिळू लागल्यावर भाड्याचा हिशेब कोसळला. दुकानदारांनी मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स, मेमरी कार्डात गाणी आणि चित्रपट भरून देणे (हे शेवटचे बहुतांशी बेकायदेशीरच) असे जोडधंदे सुरू केले. पुढे २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट डेटा स्वस्त झाला, तेव्हा तेही गिऱ्हाईक संपले.

चित्रपटगृहांतील बदल

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक शुल्कात पहिली काही वर्षे सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. नागपुरात अशी चित्रपटगृहे मॉलच्या सोबतीने आली. त्यांपैकी एम्प्रेस सिटी मॉल हा जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर उभा आहे. सीताबर्डीतील इटर्निटी मॉलमधील पडदे व्हरायटी चौकाच्या परिसरातच आहेत. गिरणी कामगाराला परवडणाऱ्या स्टॉलच्या तिकिटाची जागा अशा ठिकाणी खाद्यपदार्थांसह कित्येक पट महाग पडणाऱ्या सहलीने घेतली. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडण्याचा खरा परिणाम येथे दिसतो: पडदे कमी झाले असे नाही, पण अल्प उत्पन्नाच्या प्रेक्षकासाठीच्या जागा कमी झाल्या.

बहुपडदा व्यवस्थेत उत्पन्नाची वाटणीही बदलली. निर्माते आणि बहुपडदा चालक यांच्यातील वादामुळे २००९ मध्ये सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट तेथे लागले नाहीत. त्यानंतर झालेल्या करारात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. साहजिकच पहिल्या आठवड्याचे, खरे तर पहिल्या तीन दिवसांचे, महत्त्व वाढले आणि रौप्यमहोत्सवाची भाषा मागे पडली.

उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवणाऱ्या यूएफओसारख्या डिजिटल सेवा २००५ च्या सुमारास सुरू झाल्या आणि पत्र्याच्या पेट्यांचा प्रवास थांबला. मुंबई, नागपूर आणि तालुक्याच्या गावी एकाच शुक्रवारी चित्रपट लागू लागला. अनेक एकपडदा चित्रपटगृहांना यामुळे श्वास घेता आला. मात्र प्रक्षेपण यंत्रणा, आसने आणि वातानुकूलन यांच्या खर्चामुळे मोक्याच्या जागेवरील मालकांना विक्रीचा पर्याय अधिक किफायतशीर वाटत राहिला.

कराचा भारही बदलत गेला. जुलै २०१७ मध्ये करमणूक शुल्काची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के असलेले दर जानेवारी २०१९ पासून अनुक्रमे १२ आणि १८ टक्के झाले. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे. हा शंभर रुपयांचा उंबरठा मुख्यतः एकपडदा चित्रपटगृहांच्या उपयोगाचा आहे.

महासाथ आणि ओटीटी

कोविड-१९ मुळे राज्यात ज्या शहरांतील चित्रपटगृहे सर्वप्रथम बंद झाली, त्यांत नागपूर होते. हा आदेश १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लागू झाला. ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत पुन्हा टाळे लागले आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी चित्रपटगृहे परत उघडली. या काळात अनेक नवे हिंदी चित्रपट थेट ओटीटीवर आले, म्हणजे प्रतीक्षेचा काळ शून्यावर आला.

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ हा चित्रपट नागपुरातील झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कार्यावर आधारित असून त्याचे चित्रीकरणही याच शहरात झाले. तो ४ मार्च २०२२ रोजी चित्रपटगृहांत आणि ६ मे २०२२ रोजी झी५ वर आला. हे अंतर नऊ आठवड्यांचे आहे. हिंदी चित्रपटांसाठी किमान आठ आठवड्यांचे अंतर राखावे, असा बहुपडदा साखळ्यांचा आग्रह असतो. कॅसेटच्या काळात लहान गावाला प्रतीसाठी जितके थांबावे लागे, जवळपास तितकाच हा अवधी आहे. फरक इतकाच की आता तो करारात लिहिलेला असतो.

चित्रपटगृहांनी इतर मार्गही चोखाळले आहेत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त देशभर ७५ रुपयांत तिकिटे विकली गेली. पीव्हीआर आणि आयनॉक्स यांच्या विलीनीकरणानंतर २०२३ मध्ये सोमवार ते गुरुवार वापरता येणारी मासिक वर्गणी योजना आली. व्हिडिओ लायब्ररीच्या वर्गणीशी तिचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. जुने चित्रपट पुन्हा लावण्याचाही उपयोग होत आहे: २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुनःप्रदर्शित झाला, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवले.

मराठी चित्रपटांची अडचण नागपुरात अधिक जाणवते, कारण येथील प्रेक्षक हिंदी चित्रपट तितक्याच सहजतेने पाहतो आणि सोयीच्या वेळा बहुधा हिंदीला मिळतात. बहुपडदा चित्रपटगृहांनी प्रमुख वेळेत मराठी चित्रपट दाखवावा, असा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. आदेशापेक्षा प्रेक्षकांच्या गटांनी अधिक परिणाम साधला असे ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या चित्रपटावरून म्हणता येते. महिला मंडळे, भिशीचे गट आणि कार्यालयीन सहकारी यांनी या चित्रपटाला राज्यभर गटाने हजेरी लावली. ओटीटीवर येईपर्यंत थांबण्याचा पर्याय असतानाही हा प्रेक्षक थांबला नाही.